अठरा दिवसांचा दात

बुलबुलकाकांचा वरचा पुढचा दात हलायला लागला, तो अगदी मुहूर्त बघून. त्याच संध्याकाळी मास्तरांनी बँडच्या खोलीत सणांचा तक्ता लावला होता, आणि अकराच्या अकरा वाजवणारे खुर्च्या मागे ढकलून भिंतीशी गर्दी करून उभे होते.

"पाच सण, अठरा दिवसांत!" मास्तर टाचा उंचावून ओरडले. "आमच्या वडिलांच्या काळातसुद्धा असं झालं नव्हतं. मी सगळे जुने तक्ते काढून पाहिलेत!"

त्या शहरात पाच तऱ्हेचे लोक राहत आणि पाचांची पंचांगं पाच. कुणी चंद्र मोजत, कुणी सूर्य, कुणी दर तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना मध्येच खुपसून बाकीच्यांची पंचाईत करत. एकमत होतं ते एवढ्यापुरतंच, की उन्हाळा सरून पानं पिवळी पडायला लागली म्हणजे देवाला माणसांची आणि माणसांना नव्या कपड्यांची आठवण होते. एरवी हे पाच सण अडीच महिन्यांत ऐसपैस पसरलेले असत. यंदा मात्र पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी सगळ्यांनी सरकून बसावं तसे ते एकमेकांना चिकटले होते. नदीकाठच्या वडीलधाऱ्यांनी चंद्र बघून शेवटची तारीख पक्की केली, तेव्हा कुठे मास्तरांनी तक्ता लावला. आणि पहिला सण परवावर आला होता.

सणांची खरी नावं लांबलचक आणि पवित्र होती. ती ज्याची त्याला ठाऊक. बँडवाल्यांनी आपली वेगळीच ठेवली होती, कोणत्या सणात आपले काय हाल होतात त्यावरून. पहिला 'उपाशी', कारण सूर्य बुडेपर्यंत यजमानही खात नसत आणि बँडवाल्यांनाही पाणी विचारत नसत. दुसरा 'चढणीचा', दोनशे बारा पायऱ्यांचा. तिसरा 'टोपल्यांचा', बायका नव्या धान्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत तो. चौथा 'नवा सदरा', जुन्या बाजारातल्या लोकांचं नवं वर्ष. आणि पाचवा 'गप्प'. त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी काकांबद्दल सांगितलं पाहिजे.

बुलबुलकाका अठ्ठावन्न वर्षांचे, दारात उभे राहिले तर पलीकडचं दिसणार नाही असे आडवे, आणि मिशा अशा की ट्रंपेट लावण्याआधी दोन्ही बाजूंना सारून ठेवाव्या लागत. हे पाखराचं नाव त्यांना थोरल्या मास्तरांनी, म्हणजे आत्ताच्या मास्तरांच्या वडिलांनी चिकटवलं. अठरा-वीस वर्षांचा हा पहाड पहिल्यांदा खोलीचा जिना चढून आला तेव्हा खालच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानातल्या पंपांच्या नळ्या हलल्या म्हणे. "या, बुलबुल!" थोरले मास्तर म्हणाले, आणि खरं नाव तिथेच संपलं. दिवसा काका नळदुरुस्तीची कामं करत. पितळाला पाना लावला की नळ आणि तोंड लावलं की ट्रंपेट, एवढाच आपल्या दोन धंद्यांतला फरक, असं ते सांगत. आणि दोन्ही धंद्यांत त्यांची एकच पद्धत: जोर लावायचा.

आता तो 'गप्प' सण. नदीकाठच्या लोकांचा. त्या दिवशी ऊन उतरताना ही माणसं घराचं दार ओढून घेत आणि तिथपासून तोंडातून शब्द काढत नसत. सगळी वाट गप्प चालून नदीच्या पायऱ्यांवर येत, हातात न पेटवलेले दिवे. मग सगळ्यात वरच्या पायरीवरून ट्रंपेटचा एकच लांब सूर निघे. तो सुरू झाला की दिवे लावायचे, आणि तो संपला की बोलायला मोकळीक. त्यांची समजूत अशी, की वर्षभरात जे गेले त्यांना त्या सुरावरून वाट सापडते. ते एकदा येऊन घर बघतात आणि मग कायमचे जातात. एकदाच. पुढच्या वर्षी नाही.

तो सूर गेली एकतीस वर्षं बुलबुलकाका देत होते. ते स्वतः टोपल्यांवाल्यांपैकी, नदीकाठाशी रक्ताचं नातं नाही. पण नदीकाठच्या मंडळींनी कधी दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. काकांच्या आयुष्यात अभिमानाच्या गोष्टी फार नव्हत्या. एक मुलगी शिकून शिक्षिका झाली ती, आणि एक हा सूर.

आणि ट्रंपेटवाल्याचा पुढचा दात गेला म्हणजे काय होतं, हे ज्याने वाजवलं त्यालाच कळेल. ओठ ज्याला टेकून उभे राहतात ती भिंतच पडते. हवा फसकन निघून जाते. काकांनी तक्त्यासमोर उभं राहून जीभ दाताला लावली. दात डोलला. पुन्हा लावली. पुन्हा डोलला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे काकांनी तोंडच झाकलं. सगळे आनंदाने आरडाओरडा करत होते आणि हे मिशीआड नुसते मान डोलवत होते.

"काय बुलबुल, आज चोच बंद?" क्लॅरिनेटवाल्या सुईने विचारलं. सुई म्हणजे बँडमधला सगळ्यात वाळका माणूस. तीस वर्षं दोघं शेजारी चालत आणि तीस वर्षं एकमेकांना टोचत.

"आवाज साठवतोय," काका ओठ न उघडता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या दवाखान्यातल्या बेसिनचा नळ काकांनीच बसवलेला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसे काका आधी नळाकडे गेले, तो दोनदा उघडबंद करून पाहिला, वॉशर चांगला आहे असं सांगितलं, आणि मग बोटाने दात दाखवला.

बाईंनी चिमट्याने दात हलवून पाहिला. "काका, हा आजच काढायचा."

"आज नको. अठराव्या दिवसानंतर काढा."

"तो तुमच्या परवानगीची वाट बघत बसणार नाही."

"डॉक्टर, मी बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. पाच सण आहेत. पाचवा झाला की हा काढा, शेजारचा काढा, हवं तर सगळे काढा. पण नदीवरचा तो सूर झाल्याशिवाय नाही."

बाईंचा हात थांबला. "वरच्या पायरीवर... ते तुम्ही असता?"

"एकतीस वर्षं."

"मला कधी ओळखू आलं नाही. लांबून नुसती टोपी दिसते." त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला, नळ सोडला आणि आधीच धुतलेले हात पुन्हा धुतले. बराच वेळ धुतले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझे बाबा मार्चमध्ये गेले. आम्ही नदीकाठचे. यंदा बाबांचं वर्ष आहे."

काका खुर्चीत जरा सरळ होऊन बसले. बाई वळल्या तेव्हा चेहरा पुन्हा डॉक्टरचा झाला होता. त्यांनी केसाएवढी बारीक तार काढली आणि तो डोलणारा दात दोन्ही शेजाऱ्यांना बांधून टाकला. पाऊण तास लागला.

"आता ऐका. चावायचं काही नाही. मऊ भात, दूध, सूप. आणि ट्रंपेट ओठांवर दाबायचं नाही. अजिबात नाही."

"न दाबता सूर कसा निघणार?"

"ते मला काय माहीत? मी दातांची डॉक्टर," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात: "पण निघायला हवा, काका."

जिना उतरताना काकांच्या पायात वीस वर्षांच्या पोराचं बळ आलं होतं. कारण न दाबता सूर कसा काढायचा ते त्यांना सांगितलेलं होतं! चाळीस वर्षांपूर्वी सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते दुसऱ्या कानाने सोडून दिलं होतं.

थोरले मास्तर शिकवत, की ट्रंपेट छताला दोरीने टांगा. हात पाठीमागे बांधा. नुसते ओठ जवळ न्या आणि वाजवा. दाबायला गेलात तर ते झोके खात लांब पळेल. हलकेच फुंकलंत तर जागेवर राहील आणि बोलेल. बाकीचे शिकले. बुलबुल मात्र छाती ठोकून म्हणाला होता, "माझ्यात दम आहे मास्तर, मला दोरीची काय गरज?" त्यानंतर वीस वर्षं, थोरले मास्तर जिवंत होते तोवर, प्रत्येक मिरवणुकीत ते पुढून मागे वळून बघत आणि उजव्या हाताची तर्जनी आकड्यासारखी वाकवून वर धरत. तो आकडा म्हणजे छताची कडी. हलकं घे, बुलबुल, दोरी आठव. पालथ्या घड्यावर पाणी. बुलबुल गाल फुगवून आणखी जोरात फुंके.

संध्याकाळी काकांची बायको शिवणकामाचं गाठोडं घेऊन घरी आली. शहरातल्या निम्म्या सणांचे कपडे तिच्या यंत्राखालून जात, त्यामुळे या दिवसांत तिचा पाय जमिनीवर ठरत नसे. तिने दार उघडलं आणि गाठोडं तिथेच ठेवलं. स्वयंपाकघराच्या छताला ज्या कडीला एकेकाळी मुलीचा पाळणा होता, तिथून ट्रंपेट लोंबत होतं. समोर नवरा हात पाठीशी बांधून, मान पुढे काढून उभा.

"अहो! त्याला फाशी कशाला दिलीत?"

"बोलू नकोस. हलतं."

"काय हलतं?"

मग काय, सगळं सांगावं लागलं. दात, तार, डॉक्टरबाईंचे वडील, सगळं. ती खुर्चीवर बसून ऐकत राहिली. तिच्या नवऱ्याने पाईपचा पाना सोडून दुसऱ्या कशासमोर मान वाकवलेली तिने या घरात प्रथमच पाहिली होती.

"वाजवा बघू," ती म्हणाली.

काकांनी फुंकर घातली. फुस्स. ट्रंपेट गेलं भांड्यांच्या फळीकडे. परत आलं ते नाकावर.

"असाच आवाज मोरीतला नळ तीन महिने करतोय," बायको म्हणाली. "तोही बघा जमलं तर."

उपाशी सणाच्या दिवशी काका मागच्या रांगेत खालच्या सुरांवर राहिले. त्या दिवशी कुणी काही खायला देत नाही हे तर सोन्याहून पिवळं! पण सूर्य बुडाला आणि यजमानांनी मुठीमुठीने अक्रोड वाटायला सुरुवात केली. काकांनी ते कोटाच्या खिशात भरले. सुईने एक भुवई वर केली, पण बोलला नाही.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा उकळत असताना, दोरीवरचं ट्रंपेट बोललं! काकांनी काहीच केलं नव्हतं, निदान त्यांना तसं वाटलं. ओठ नुसते टेकले होते, मनात दुसराच विचार होता, आणि पितळातून एक मऊ, गोल सूर बाहेर पडला. ट्रंपेट जागचं हललं नाही. काका इतके दचकले की पुढचा श्वास घ्यायला विसरले.

"अगं ऐकलंस?"

"चहा उतू गेला," बायको म्हणाली. तिचं लक्ष चहाकडे नव्हतं म्हणूनच तो गेला होता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काकांना नीट आठवत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस नव्याने एखादी गोष्ट शिकतो तेव्हा त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि यांना तर कुणाला सांगायचीच चोरी. ते नळ बसवताना गुणगुणत, रस्त्यात ओठ मुडपून फुंकर घालत चालत, लोक वळून बघत. चढणीच्या सणाला दीडशेव्या पायरीवर जुन्या सवयीने ट्रंपेट ओठांवर दाबलं गेलं आणि तारेतून कळ मेंदूपर्यंत गेली. उरलेल्या बासष्ट पायऱ्या हात सैल सोडून चढले. टोपल्यांच्या सणाला बायको टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्या समोरून दोनदा नाचत गेली आणि दोन्ही वेळा तिने त्यांच्या तोंडाकडे पाहून भुवया उडवल्या: आहे ना अजून? काकांनी डोळे मिचकावले: आहे!

खालचे सूर दोरीच्या पद्धतीने येत होते, मधलेही येत होते. वरचे मात्र अजून दाबल्याशिवाय येईनात, आणि घात झाला तो तिथेच.

चौथा सण, नवा सदरा. जुन्या बाजारातल्या लोकांच्या नव्या वर्षाची धून सुरुवातीला साधी, पण मधोमध ती जिना चढावा तशी वर जाते आणि सगळ्यात वर जाऊन ट्रंपेट एकटंच गातं. चौक खच्चून भरला होता, कोऱ्या कपड्यांचा वास सुटला होता, खिडक्या-खिडक्यांतून माणसं ओणवी झाली होती. ती वरची ओळ आली. काकांना घाम फुटला. दाबावं तर दात जातो. न दाबावं तर सूर नाही. त्यांनी ऐनवेळी ती ओळ खाली उतरवून वाजवली.

खाली उतरवल्यावर त्या ओळीचं काय होतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ती टोपल्यांच्या नाचाची ओळ होते. थेट तीच. शेजारच्या शेजारी राहून पाच जमातींच्या धुनांनी एकमेकींच्या ओळी कधी उचलल्या होत्या कुणास ठाऊक, पण बँडवाल्यांची बोटं सवयीची गुलाम. चार दिवसांपूर्वी जे वाजवलं तेच बोटांत मुरलेलं. ढोलवाल्याने टोपल्यांचा ठेका धरला, बाकीचे आपोआप मागे गेले, आणि बघ्यांत उभ्या असलेल्या टोपल्यांवाल्या बायका "अगंबाई!" म्हणत टाळ्या पिटत थेट मिरवणुकीत घुसल्या!

जुन्या बाजारातले पुढारी लालबुंद झाले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दुसऱ्यांचा नाच! ते काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात त्यांच्याच थोरल्या वहिनींनी पदर खोचला आणि टोपल्यांवाल्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. "किती वर्षं नुसतं खिडकीतून बघायचं हो?" त्या म्हणाल्या. मग जो काय धुमाकूळ झाला! कोऱ्या सदऱ्यांना पहिल्याच दिवशी घामाचे डाग पडले.

सगळे खूश होते. मास्तर सोडून. त्यांचा कान तयार होता. मिरवणूक संपल्यावर त्यांनी काकांना एका बंद दुकानाच्या आडोशाला नेलं.

"काका, तोंड उघडा."

काकांनी उघडलं. तार चमकली.

मास्तरांनी वाकून नीट पाहिलं. ते काकांच्या अंगाखांद्यावर खेळून मोठे झाले होते. म्हणूनच राग फार आला होता. "मला का नाही सांगितलंत? आज निभावलं, ते लोक नाचले म्हणून. नदीवर नाचणारं कुणी नसतं. तिथे सूर फाटला तर काय करायचं? त्या लोकांना दुसरी संधी नाही. गप्प सणाला सुई वाजवेल, क्लॅरिनेटवर."

"मास्तर, मला बाजूला करायचं तर पुढच्या वर्षी करा. कायमचं करा. यंदा नको." काका म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरबाईंचं सांगितलं. त्यांच्या वडिलांचं सांगितलं. आणि शेवटी, मान खाली घालून, दोरीचं सांगितलं.

"तुम्ही? दोरीवर?" मास्तरांना हसू आवरेना. "बाबा तुमच्यापुढे वीस वर्षं बोट वाकवून थकले!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? खोलीवर चला."

सायकलदुकानावरच्या त्या खोलीत मास्तरांनी स्वतः दोरी बांधली. काकांनी हात मागे घेतले. तो सूर उंच नव्हता, पण लांब होता. पायऱ्यांवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या हातांनीही दिवा लागेपर्यंत तो टिकावा लागे. काकांनी डोळे मिटले आणि सूर सोडला. ट्रंपेट हललं नाही. खालच्या दुकानात कुणीतरी ठोकत होतं ते ठोकायचं थांबलं.

"बरं," मास्तर म्हणाले. डोळे पुसायला त्यांना निमित्त हवं होतं म्हणून त्यांनी दोरी सोडायला स्टूल ओढलं. "तुम्हीच वाजवा. पण सुई बरोबर येईल, कोटाखाली क्लॅरिनेट घेऊन. नाहीच निघालं तर तो."

पाचवा सण उजाडला तेव्हा दात जागेवर होता! सतरा दिवस मऊ भात खाऊन काका पट्ट्याची दोन भोकं उतरले होते. सकाळी, दुपारी, कोट चढवताना, जिभेने चाचपून पाहिला. आहे. काका, मास्तर आणि सुई पुलावर आले आणि नदीकाठच्या लोकांबरोबर गप्प होऊन चालायला लागले.

हजारभर माणसं आणि पावलांखेरीज आवाज नाही. ऊन तिरपं झालेलं. काठावरच्या उंच गवताला पांढरे तुरे आले होते आणि वाऱ्याबरोबर त्यांचा कापूस सगळ्यांच्या तोंडावर उडत होता. काकांच्या मिशीत तो भरपूर बसला. वरच्या पायरीवर पोहोचायला पन्नास पावलं उरली असतील, आणि त्यांच्या नाकात हुळहुळलं.

नाही. आत्ता नाही. काकांनी नाक दाबलं, श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आलं. पण दाबलेली शिंक ही सुटलेल्या शिंकेपेक्षा वाईट. ती आतल्या आत फुटली, जबडा कडकन मिटला, आणि तोंडात काहीतरी छोटं, गुळगुळीत, तारेसकट मोकळं झालं.

काका उभेच राहिले. त्यांनी तळहातावर ते काढलं. दात.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडता येईना, शिव्या देता येईनात, "मास्तर, गेला!" एवढंसुद्धा म्हणता येईना. शब्द निघाला तर नियम असा, की आपल्या दाराशी परत जाऊन पुन्हा चालत यायचं. मास्तरांनी तळहाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. सुईनेही पाहिलं. त्याचा हात कोटाखाली गेला, क्लॅरिनेटचं काळं टोक बाहेर आलं.

काकांनी मान हलवली. नाही.

सुई त्यांच्याकडे बघत राहिला. तीस वर्षांत त्याला हा सूर कधी मिळाला नव्हता, आणि आज तो आयता हातात येत होता. त्याने क्लॅरिनेट परत कोटाखाली सरकवलं आणि खिशातून घडीचा, स्वच्छ रुमाल काढून काकांपुढे धरला. काकांनी ओठांवरचं रक्त टिपलं, दात कोटाच्या छोट्या खिशात ठेवला आणि वरच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

खाली सगळ्या पायऱ्या माणसांनी भरलेल्या. सगळ्यांचे चेहरे वर. काकांना त्यांत डॉक्टरबाई दिसल्या, दोन्ही हातांत एक साधा मातीचा दिवा धरून.  त्यांनी ट्रंपेट उचललं आणि जन्माच्या सवयीने कोपर आवळले, दाबायला. तेवढ्यात कडेला उभ्या मास्तरांनी उजवा हात वर केला. तर्जनी आकड्यासारखी वाकलेली.

काकांना क्षणभर वाटलं, थोरले मास्तरच उभे आहेत. त्यांनी कोपर सैल सोडले. ट्रंपेट दोरीला टांगलं आहे, आपण नुसतं जवळ जायचं आहे. खिंडारातून हवा फसकन निघणारच होती, म्हणून त्यांनी तोंड किंचित बाजूला घेतलं आणि चहा उकळत असताना घेतला होता तसा साधा श्वास घेतला.

सूर निघाला. मोठा नव्हता. पुलावरच्यांना तो ऐकायला मान पुढे करावी लागली असेल. कडेला थोडी हवा लागत होती, कुणी थकून घरी येताना दारातून हाक मारतं तशी. पण तो निघाला आणि फाटला नाही, आणि काकांना एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःला ऐकू आला. आजवर आपल्या कानांत फक्त आपला दम घुमत होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांना लाजही वाटली आणि इतका आनंद झाला की सूर हसऱ्या ओठांतून जाईल की काय अशी भीती वाटली. खाली एक दिवा लागला, मग दहा, मग मोजता येईनात. अगदी खालच्या पायरीवर एका म्हाताऱ्याची काडी दोनदा विझली. काका थांबले नाहीत. तिसरी पेटली. तेव्हाच त्यांनी सूर संपवला.

आणि मग हजार माणसं एकदम बोलायला लागली! सुईने पाठीवर असा दणका घातला की उरलेले दातही पडावेत. "हवा किती गळत होती रे!" तो म्हणाला, आणि पुन्हा एक दणका घातला.

गर्दीतून वाट काढत डॉक्टरबाई वर आल्या. दिवा पाण्यात सोडून आल्या होत्या, हात ओले होते. त्यांनी आधी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"कधी?"

"वाजवायच्या आधी." काकांनी खिशातून दात काढून दाखवला.

"आधी? उद्या दहा वाजता या. आता कसलीही सबब चालणार नाही." त्या रागावून बोलायला गेल्या आणि मध्येच त्यांना हसू फुटलं, रडूही फुटलं, ओल्या हातांनी त्या दोन्ही पुसायला लागल्या. "काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दवाखान्यात बोलले नाही. बाबा दरवर्षी इथून परत जाताना म्हणायचे, हा माणूस इतक्या जोरात वाजवतो, की आलेला बिचारा दारातूनच पळून जात असेल."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय," बाई म्हणाल्या. "आज थांबले असतील."